तात्पुरता वाहनतळ आणि मुदतवाढीचा प्रश्न

एखाद्या मोठ्या कंपनीच्या कार्यालयाशेजारी मोकळा भूखंड असतो. शहराच्या विकास आराखड्यात तो निवासी वापरासाठी, शाळेसाठी किंवा उद्यानासाठी दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तिथे काहीच झालेले नसते. कार्यालयातील गाड्यांना जागा अपुरी पडू लागते. कंपनी स्वतःच्या आवारात बहुमजली वाहनतळ बांधणार असते, त्याला अवकाश असतो आणि तोपर्यंत शेजारच्या भूखंडावर गाड्या उभ्या करू द्याव्यात, असा अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे येतो. दोन किंवा तीन वर्षांसाठी परवानगी मिळते. मुदत संपत आली की दुसरा अर्ज येतो, तो मुदतवाढीचा. कागदावर या दुसऱ्या अर्जात नवे काही नसते. भूखंड तोच, गाड्या त्याच, अटीही त्याच. तरीही नियोजनाच्या दृष्टीने हा दुसरा निर्णय पहिल्यापेक्षा अधिक गंभीर असतो.

मुळात कार्यालयांना इतकी जागा का लागते, हे दिल्लीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यात व्यावसायिक बांधकामाच्या प्रत्येक १०० चौरस मीटर क्षेत्रामागे तीन मोटारींच्या जागेचे प्रमाण ठेवण्यात आले. उघड्यावर एक मोटार उभी करण्यासाठी, ये-जा करण्याच्या वाटेसह, २३ चौरस मीटर जागा धरली गेली. म्हणजे १०० चौरस मीटरच्या कार्यालयासाठी ६९ चौरस मीटर जमीन केवळ मोटारींसाठी लागते. दहा हजार चौरस मीटरच्या कार्यालयाला याच हिशेबाने ३०० मोटारींची, म्हणजे जवळजवळ सात हजार चौरस मीटरची जागा हवी. तळघरात व्यवस्था करायची तर दर मोटारीमागे ३२ चौरस मीटर धरावे लागतात आणि खोदाईचा खर्च वेगळा. शेजारी रिकामा भूखंड दिसत असताना तळघर खोदण्याची घाई कोणाला असेल?

मोकळ्या जमिनीवर गाड्या उभ्या केल्या तर बिघडले काय, असा प्रश्न या प्रकरणांत हमखास विचारला जातो. भिंत नाही, छप्पर नाही, मग परवानगी कशाची? याचे उत्तर कायद्यातील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात लक्षणीय बदल करणे हाही विकासच होय. त्यासाठी एक वीटही रचावी लागत नाही. दिल्लीत १९५७ च्या दिल्ली विकास अधिनियमाचे कलम १४ हेच काम करते. आराखडा लागू झाल्यावर त्यात ठरवून दिलेल्या वापराखेरीज अन्य कारणासाठी जमीन वापरण्यास हे कलम मनाई करते.

महाराष्ट्राच्या कायद्यातील एक तरतूद येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कलम ४३ मध्ये कोणत्या गोष्टींना परवानगी लागत नाही, याची यादी आहे. तात्पुरत्या कारणासाठी वापरलेली जमीन पुन्हा तिच्या नेहमीच्या वापराकडे नेणे, ही बाब त्या यादीत येते. मूळ वापर सोडून जायचे तर परवानगी हवी. परत यायचे तर नको. ब्रिटनच्या १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातही मर्यादित मुदतीच्या परवानगीबाबत अशीच तरतूद आहे. तात्पुरता वापर संपावा, जमीन आपल्या ठरलेल्या कामी लागावी, अशीच कायद्याची अपेक्षा असल्याचे यावरून दिसते.

या विषयात ‘मुदत’ हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि त्यातून बराच घोळ होतो. एक मुदत काम सुरू करण्याची असते. महाराष्ट्रात विकास परवानगी एक वर्ष वैध राहते. अर्ज केल्यास ती वर्षावर्षाने वाढवता येते, मात्र ही वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. काम सुरू करायला उशीर झाला म्हणून मागितलेली ही मुदतवाढ असते. दुसरी मुदत खुद्द वापराची. अमुक तारखेपर्यंत गाड्या उभ्या करा, त्यानंतर जागा रिकामी करून पूर्ववत करून द्या, अशी अट घातलेली असते. पहिल्या प्रकारात विलंब अर्जदारालाच भोवतो. दुसऱ्या प्रकारात अर्जदाराचा विलंब इतरांना सोसावा लागतो; ज्या शाळेसाठी वा मैदानासाठी जागा राखून ठेवली, तिची वाट पाहणाऱ्यांना.

तात्पुरत्या परवानगीला समर्थनच नाही, असे मात्र नव्हे. महापालिकेकडे भूसंपादनासाठी पैसा नसतो. आरक्षित भूखंड वर्षानुवर्षे पडून राहतात, तिथे राडारोडा आणि कचरा साचतो, अतिक्रमणे होतात. अशा जागेवर काही काळ शिस्तीत गाड्या उभ्या राहिल्या, जागेला कुंपण व दिवे मिळाले आणि प्राधिकरणाला शुल्क मिळाले, तर त्यात सर्वांचाच लाभ असू शकतो. एखाद्या वापराचा परिसरावर काय परिणाम होईल याची खात्री नसेल, तर काही काळ तो करून पाहणे हेही योग्यच ठरते.

परंतु हेच कारण दुसऱ्या वेळी लागू पडत नाही. ब्रिटिश सरकारच्या नियोजनविषयक मार्गदर्शनात हा मुद्दा स्पष्टपणे मांडलेला आहे. चाचणी म्हणून दिलेली मुदत संपली की त्या वापराचे परिणाम समोर आलेले असतात. ते चांगले असतील तर कायम परवानगी द्यावी, वाईट असतील तर नाकारावी. दुसऱ्यांदा तात्पुरती परवानगी देणे क्वचितच समर्थनीय ठरते, अशी ही भूमिका आहे. तशी सबळ कारणे नसतील तर पुन्हा मुदत देऊ नये, असा तिचा अर्थ. भारतातील नगर नियोजनाच्या कायद्यांवर ब्रिटिश पद्धतीची छाप असली, तरी हा संकेत येथील कार्यालयांमध्ये फारसा रुजलेला दिसत नाही.

ब्रिटनला हे शहाणपण पुस्तकातून मिळालेले नाही. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी लंडनमध्ये ठिकठिकाणी मोकळ्या जागा तयार झाल्या होत्या. सैन्यातून परतलेल्या रोनाल्ड हॉबसन आणि डोनाल्ड गॉसलिंग यांनी १९४८ मध्ये होबर्न भागातील अशीच एक जागा २०० पौंडांना घेऊन तिथे वाहनतळ सुरू केला. पुनर्बांधणी होईपर्यंतची सोय म्हणून अशा जागांचा वापर पसरत गेला. पुढे ‘नॅशनल कार पार्क्स’ हे नाव धारण केलेला हा व्यवसाय १९९८ मध्ये सुमारे ८० कोटी पौंडांना विकला गेला. शहरातील जमीन ‘थांबवून ठेवणे’ हाच एक मोठा धंदा होऊ शकतो, हे या व्यवहाराने दाखवून दिले. भाव वाढेपर्यंत थांबायचे आणि थांबण्याच्या काळातही रोजचे उत्पन्न घ्यायचे! अशा मालकाला बांधकामाची घाई नसते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८९ मध्ये या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. तेथील कायद्याने ‘अंतरिम वापर’ हा स्वतंत्र परवाना निर्माण केला. त्याची अखेर तारखेने ठरवता येते किंवा घटनेनेही. उदाहरणार्थ, नवी इमारत वापरात येईल त्या दिवशी परवाना संपेल, असे लिहिता येते. ती तारीख किंवा घटना निश्चितपणे सांगता आली पाहिजे, ही अट आहे. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. पुढे ती जमीन सार्वजनिक कामासाठी घ्यावी लागली, तर या वापरामुळे सरकारी तिजोरीवर जादा बोजा पडता कामा नये. भारतात तात्पुरत्या वापरानंतर जागा परत घेताना नुकसानभरपाई, डांबरीकरणाचा खर्च, भाडेकरूंचे दावे असे फाटे फुटतात, ते पाहता या अटीचे मोल कळते.

मुदतवाढीची साखळी किती लांबू शकते, याचे भारतातील सर्वात ठळक उदाहरण राजधानीतच सापडते. निवासी भागांत चालणारी दुकाने व कार्यालये यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २००६ रोजी निकाल दिला आणि दिल्लीत टाळे ठोकण्याची मोहीम सुरू झाली. व्यापारी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने दिल्ली कायदे (विशेष तरतुदी) अधिनियम संमत करून कारवाईला एक वर्षाची स्थगिती दिली. तोवर धोरण ठरेल, असे सांगण्यात आले. त्यानंतर २००७, २००९ आणि २०११ मध्ये नवे कायदे झाले. २०११ च्या कायद्याने मुदत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत नेली. मग ती २०१७, २०२०, २०२३ आणि शेवटी ३१ डिसेंबर २०२६ अशी वाढवण्यात आली. एका वर्षाच्या सवलतीची वीस वर्षे झाली.

हा कायदा वाहनतळांसाठी नव्हता आणि त्याने झोपडपट्ट्या, अनधिकृत वसाहती व फेरीवाले यांनाही संरक्षण दिले, हे नमूद केले पाहिजे. लाखो लोकांच्या निवाऱ्याचा प्रश्न आणि एका कंपनीच्या गाड्यांचा प्रश्न एका तराजूत घालता येणार नाही. तथापि, मुदतवाढीची यंत्रणा दोन्हीकडे सारखीच चालते. प्रत्येक वेळी कारवाईची किंमत आधीपेक्षा वाढलेली असते, कारण दरम्यानच्या काळात लोकांनी त्या सवलतीवर विसंबून पैसा गुंतवलेला असतो. त्यामुळे नकार देणे दरवेळी अधिक कठीण होत जाते. दिल्लीच्या २००७ च्या आराखड्याने मिश्र वापरासाठी १०० चौरस मीटरमागे दोन मोटारींची सोय आवारातच करण्याची अट घातली आणि ती शक्य नसेल तर वाहनतळ उभारणीचा खर्च स्थानिक संस्थेकडे भरण्याची मुभा दिली. खर्च भरला म्हणजे जागा निर्माण होत नाही. गाड्या गल्लीतच राहिल्या आणि शेजारचा भूखंड मागण्याचे निमित्तही कायम राहिले.

राखीव मोकळ्या जागांबाबत न्यायालयांनी मात्र कठोर भूमिका घेतलेली आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा रुग्णालय बांधण्यासाठी एका खासगी न्यासाला देण्यात आली होती. रहिवाशांनी दाद मागितल्यावर उच्च न्यायालयाने हे वाटप रद्द केले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. रुग्णालयासारखे उपयुक्त कारणही उद्यानाच्या जागेवर हक्क सांगू शकले नाही आणि परिसरातील रहिवाशांना आक्षेप घेण्याचा अधिकार आहे, हेही या निकालाने मान्य केले. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला उद्यानाखाली महापालिकेच्या संमतीने भुयारी बाजार उभा राहत होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे बहुतांश भाग पाडून उद्यान पुन्हा उभे करण्याचा आदेश दिला. उरलेल्या एका भागाचे काय करावे, याचेही उत्तर न्यायालयाने दिले: तिथे वाहनतळ करावा.

ही प्रकरणे कायमस्वरूपी बदलांची होती. तात्पुरत्या परवानगीची अडचण अशी की तिच्यात आव्हान देण्यासारखा एकच मोठा निर्णय कधी दिसत नाही. महाराष्ट्रात आरक्षण बदलायचे असेल तर सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, राज्य सरकारची मंजुरी घ्यावी लागते. मुदतवाढीला अनेकदा इतका प्रवास करावा लागत नाही. नस्तीवर शेरा पडतो आणि आणखी दोन वर्षे निघून जातात. याच काळात दुसरे घड्याळ चालू असते. याच कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत भूसंपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. गाड्या उभ्या असताना मैदानाची आठवण कोणालाच होत नाही आणि एके दिवशी मैदानाचा हक्कच उरत नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही एक वस्तुस्थिती आहे. कर्मचारी दूरवरून येतात, मेट्रोचे काम रखडते, पाळ्यांमध्ये काम चालते आणि रात्री परतणाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीवर असते. त्यामुळे परवानगी एकाएकी बंद केली तर त्याच गाड्या आसपासच्या वसाहतीच्या रस्त्यांवर येतात आणि तक्रार करणाऱ्या रहिवाशांचाच त्रास वाढतो. याच भीतीपोटी अनेक ठिकाणी मुदतवाढ मिळते. मात्र २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने यावर दिशा सुचवली होती. वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या खऱ्या मोलाशी निगडित असावे, असे त्यात म्हटले आहे. मुदतवाढीचे शुल्क पहिल्या मुदतीइतकेच राहिले तर नवा वाहनतळ बांधण्यापेक्षा अर्ज करणे कधीही स्वस्त पडते. दर मुदतवाढीला शुल्क चढते ठेवले तर हा हिशेब बदलू शकतो.

म्हणून मुदतवाढीच्या अर्जावर पाहायची कागदपत्रे पहिल्या अर्जापेक्षा वेगळी असतात. बहुमजली वाहनतळाचे काम पहिल्या मुदतीत सुरू झाले का, नसेल तर कोणाच्या दोषामुळे? कर्मचाऱ्यांसाठी बससेवा किंवा एकत्र प्रवासाची कोणती व्यवस्था झाली? जागा पूर्ववत करण्यासाठी अनामत रक्कम ठेवली आहे का? पावसाचे पाणी मुरण्यासाठी जमीन मोकळी ठेवण्याची अट असताना तिच्यावर डांबर ओतले गेले का? मूळ आदेश, त्यातील अटी आणि पाहणी अहवाल यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणाही नागरिकाला मागता येतात आणि त्या अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. परवानगीची अखेरची तारीख मूळ आदेशातच नमूद असते. त्यामुळे मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन महिने हा अर्ज दाखल झाला, तर मुदतवाढीचा निर्णय होण्याआधी ही कागदपत्रे रहिवाशांच्या हाती येऊ शकतात.