फिरत्या निवासाचा वीजसाठा : लहान कॅराव्हॅनसाठी बॅटरीची निवड

केरळ राज्याने २०२१ मध्ये ‘केराव्हॅन केरळ’ हे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. जेथे हॉटेल उभारणे परवडत नाही किंवा पर्यावरणाच्या दृष्टीने इष्ट नाही, तेथेही पर्यटकाची निवासाची सोय व्हावी, ही यामागील कल्पना होय. कॅराव्हॅन उद्यानात वीजजोडणी मिळते. परंतु उद्यानाबाहेर, घाटमाथ्यावर वा वाळवंटाच्या कडेला मुक्काम पडला, की दिवा, पंखा आणि शीतपेटी यांचा सर्व भार गाडीतील बॅटरीवर येतो. मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या लहान ट्रेलरमध्ये जागा व वजन या दोहोंची मर्यादा असल्याने बॅटरीची निवड तर अधिकच काटेकोरपणे करावी लागते.

या निवडीतील सर्वांत महाग चूक सुरुवातीलाच होते. मोटार सुरू करण्यासाठी वापरली जाणारी बॅटरी सहज मिळते, म्हणून तशीच आणखी एक बॅटरी आसनाखाली बसविली जाते. इंजिन सुरू करताना काही सेकंदांपुरती मोठी विद्युतधारा लागते. ती देण्यासाठी या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या अधिक संख्येने बसविलेल्या असतात. रात्रभर पंखा चालविण्याचे काम याच्या अगदी उलट आहे : धारा अल्प, पण दीर्घकाळ. वारंवार खोलवर रिकामी झाल्यास पातळ पट्ट्या झिजतात व एखाद्या हंगामातच बॅटरी निकामी होते. यासाठी जाड पट्ट्यांची अथवा नळीदार रचनेची, म्हणजेच ‘ट्यूब्युलर’ बॅटरी आवश्यक असते. इन्व्हर्टरमुळे ती भारतातील घरोघरी परिचित झाली आहे.

बॅटरीचा आकार ठरविण्यापूर्वी विजेची गरज मोजणे क्रमप्राप्त आहे. ५ वॅटचे ४ दिवे ५ तास लावल्यास १०० वॅट-तास खर्च होतात. २५ वॅटचा पंखा ८ तास चालल्यास २०० वॅट-तास लागतात. ४५ वॅटची लहान शीतपेटी दिवसभरात प्रत्यक्ष १० तास चालते असे धरल्यास ४५० वॅट-तास होतात. भ्रमणध्वनी व लॅपटॉप यांसाठी १०० आणि पाण्याच्या पंपासाठी १० मिळविले, की एका दिवसाची गरज ८६० वॅट-तास इतकी येते. यास १२ व्होल्टने भागले असता सुमारे ७२ अँपिअर-तास हे उत्तर मिळते. वातानुकूलन यंत्र या हिशेबात बसत नाही. एक टनाचे यंत्र तासाभरात सुमारे १२०० वॅट-तास वीज घेते; म्हणून ते उद्यानातील वीजजोडणीवरच चालवावे, हे उत्तम.

मात्र ७२ अँपिअर-तासांची गरज आहे म्हणून ७५ अँपिअर-तासांची बॅटरी घेणे योग्य ठरत नाही. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यानुसार येथे १५० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. तिचे वजन ५० किलोग्रॅमहून अधिक भरते. शिवाय वेष्टनावरील आकडा कोणत्या गतीने वीज काढून मोजला आहे, हेही पाहावे लागते. ‘सी-२०’ म्हणजे २० तासांत रिकामी करून मोजलेली, तर ‘सी-१०’ म्हणजे १० तासांत रिकामी करून मोजलेली क्षमता. वीज जितकी वेगाने काढावी तितकी ती एकूणात कमी मिळते. त्यामुळे ‘सी-२०’नुसार १५० अँपिअर-तासांची असलेली बॅटरी ‘सी-१०’नुसार त्याहून लहान ठरते. विक्रेते बहुधा मोठा आकडा पुढे करतात.

लिथियम लोह फॉस्फेट हा दुसरा पर्याय होय. या संयुगाचा बॅटरीसाठी उपयोग अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संबंधित शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय वंशाचे संशोधक होते. गुडइनफ यांना २०१९ मध्ये स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रकारच्या घटाचा दाब ३.२ व्होल्ट असतो व असे ४ घट एकसर जोडणीत १२.८ व्होल्ट देतात. बॅटरीचा ८० टक्के साठा निर्धोकपणे वापरता येतो. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून १०२४ वॅट-तास मिळतात. वरील गरज त्यात भागते आणि वजन अवघे १२ किलोग्रॅमच्या आसपास राहते.

खरेदीच्या वेळी लिथियम महाग पडते. तरीही भाड्याने सतत फिरणाऱ्या कॅराव्हॅनसाठी तेच किफायतशीर होय, कारण शिसे-आम्ल बॅटरीच्या तुलनेत ते कित्येक पट अधिक वेळा भरता-रिकामे करता येते. वर्षातून आठ-दहा रात्रीच बाहेर पडणाऱ्या कुटुंबास शिसे-आम्ल बॅटरीही पुरेशी आहे. अट एवढीच, की उरलेले महिने ती भरलेल्या स्थितीत ठेवली पाहिजे. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व क्षमता कायमची घटते.

हवामानाचा प्रश्न भारतात विशेष तीव्र आहे. राजस्थान वा विदर्भातील उन्हाळ्यात बंद गाडीतील बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते. २५ अंश सेल्सिअसवर दर १० अंशांच्या वाढीने शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. लडाख व स्पितीमध्ये अडचण उलटी आहे. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली भरल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचून ती खराब होते. म्हणून अशा तापमानात भरणी थांबविणारे नियंत्रक आवश्यक असते व बॅटरी गाडीच्या उबदार भागात बसवावी लागते.

साठ्याइतकेच महत्त्व भरणीला आहे. छतावरील २०० वॅटचे सौर पटल ५ तासांच्या परिणामकारक उन्हात, सुमारे ३० टक्के घट धरता, ७०० वॅट-तास देते. गरज ८६० ची असल्याने रोज १६० वॅट-तासांची तूट राहते. ती प्रवासात इंजिनवरील अल्टरनेटरमधून भरून काढता येते. परंतु लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतकी मोठी धारा ओढते की अल्टरनेटर तापून निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून मध्ये धारा मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवितात. २० अँपिअरचा असा चार्जर तासाभराच्या प्रवासातच ही तूट भरून काढतो.

जोडणीबाबत एक बाब परीक्षार्थींच्याही उपयोगाची आहे. १२० वॅटच्या उपकरणास १२ व्होल्टवर १० अँपिअर, तर २४ व्होल्टवर ५ अँपिअर धारा लागते. तारेतील ऊर्जाहानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती एक चतुर्थांश होते. तथापि लहान ट्रेलरमध्ये तारा आखूड असतात व १२ व्होल्टची उपकरणे सहज मिळतात, त्यामुळे तेथे १२ व्होल्टच सोयीचे. फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकालगतच हवा. पाणी भरावयाच्या शिसे-आम्ल बॅटरीतून भरणीच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ती झोपण्याच्या जागेत ठेवू नये.

आयुष्य संपलेल्या बॅटरीची विल्हेवाट हा या व्यवहाराचा अखेरचा भाग होय. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली आणि लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. शिशाचे पुनर्चक्रण तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, आणि नेमक्या याच कारणाने ते अनधिकृत भट्ट्यांमध्येही चालते. अशा भट्ट्यांच्या परिसरातील मुलांच्या रक्तात शिसे जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. जुनी बॅटरी भंगारवाल्यास चार पैसे अधिक घेऊन विकायची, की नोंदणीकृत विक्रेत्याकडे परत करायची, हा निर्णय मात्र आजही बॅटरीच्या मालकाच्याच हाती आहे.