शाळेतून जपानला (भाग ६) : परतीच्या आधीचे दोन दिवस

विद्यापीठाची प्रयोगशाळा, जपानी शाळेतला एक दिवस, टोकियोच्या ओदाइबा भागातलं मिराइकान हे विज्ञानसंग्रहालय आणि तिथे अधांतरी टांगलेला भलामोठा पृथ्वीगोल. शाळकरी मुलांना जपान दाखवणाऱ्या 'साकुरा' विज्ञान कार्यक्रमाच्या आठवड्यातला हा भाग गेल्या अंकापर्यंत आला. उरलेले दोन दिवस खरेदीचे, असं घरच्यांनी धरलेलंच असतं. मामा, आत्या, चुलतभाऊ यांची यादी त्यासाठी आधीच तयार असते. प्रत्यक्षात मुलांची खरी कसोटी याच दिवसांत लागते. काय पाहिलं आणि परत जाऊन त्याचं काय करणार, हे उभं राहून सांगायचं, मग प्रमाणपत्र.

हा दौरा जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सी २०१४ पासून घेते. भारतातल्या शाळकरी मुलांसाठी तिथवरची एक वाट 'इन्स्पायर मानक' या मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेतून जाते. शाळेने मुलांच्या पाच कल्पना पाठवायच्या, निवड झाली की नमुना बनवायला १० हजार रुपये मिळतात, मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन. पुण्यातली नामांकित शाळा असो की इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची, पहिली पायरी तीच.

शेवटच्या सादरीकरणात बहुतेक मुलं काय सांगतात? गाड्या सेकंदावर सुटतात, रस्त्यावर कागद दिसत नाही, तिथली मुलं स्वतःचे वर्ग स्वतः झाडतात, दुपारचं जेवण एकमेकांना वाढतात. सगळं खरं. पण एवढं तर मोबाइलवर घरबसल्याही दिसतं, त्यासाठी पासपोर्ट कशाला काढायचा? ज्या मुलाने गावाकडून प्रश्न नेलेला असतो त्याच्याकडेच तिथे बोलायला काही असतं. इंदापूर तालुक्यातल्या मुलाला असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस आहेच. बोरी, अंथुर्णे या पट्ट्यात द्राक्षबागाही आहेत. छाटणीनंतरच्या दिवसांत बागेत गेलं की 'जीए' हा शब्द कानावर पडतोच. जीएचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), जीएची फवारणी, जीए किती पीपीएम. हे 'जीए' म्हणजे जिबरेलिक आम्ल, आणि त्याची जन्मकथा भातशेतीतली आहे, तीही जपान्यांनी उलगडलेली.

भाताच्या काही रोपांना एक रोग होई. रोप भसाभस उंच वाढायचं, फिकट पडायचं आणि दाणा न धरताच लोळायचं. तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की ही वाढ एका बुरशीच्या स्रावामुळे होते. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे काढले. पुढची गंमत १९५० च्या दशकाच्या अखेरची. 'डेलावेअर' द्राक्षाचा घड जरा मोकळा व्हावा म्हणून यामानाशीत जिबरेलिन वापरून पाहिलं, तर मण्यांतून बीच गायब झालं! आपल्याकडचं थॉमसन द्राक्ष मुळातच बिनबियांचं. म्हणून इथे जीए वापरतात ते घड लांबवायला आणि मणी फुगवायला. औषध तेच, काम निराळं.

आता 'शाइन मस्कट' या जपानी द्राक्षवाणाच्या बागेतलं काम पाहा. फुलोऱ्याचा वरचा सगळा भाग काढून टाकतात आणि टोकाकडचे तीन-चार सेंटिमीटरच ठेवतात. पूर्ण फुलल्यावर तो तुकडा पेल्यातल्या जिबरेलिनच्या द्रावणात बुडवायचा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. एका काडीवर एकच घड, आणि विरळणी करून त्यात पस्तीस-चाळीस मणी. चढ्या भावाच्या त्या घडामागे एवढी हातमेहनत असते. आपल्या बागेत घड डिपिंग करणाऱ्या बायकांना रोज किती मिळतो आणि तिथे हे काम कोण, कितीत करतं, असा प्रश्न एखाद्या मुलीने त्या सभागृहात विचारला, तर दुभाष्यालाही जरा सावरून बसावं लागेल.

आधी प्रश्न आणि मग प्रवास, याचं मराठी उदाहरण जुनं आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती १९१५ च्या सुमारास बनारसहून एक पुस्तिका आली. विषय होता १९०१ मध्ये स्थापन झालेलं टोकियोचं महिला विद्यापीठ. ती वाचून त्यांनी १९१६ मध्ये इकडे महिला विद्यापीठ उभंही केलं. प्रत्यक्ष जपान पाहिला तो त्यानंतर, १९२९ च्या मार्चमध्ये निघालेल्या जगप्रवासात. युरोप झाला, अमेरिका झाली, मग टोकियोचं ते विद्यापीठ पाहिलं आणि एप्रिल १९३० मध्ये कर्वे मायदेशी परतले. सत्तरी गाठलेला हा विद्यार्थी तिथे गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या संस्थेला चौदावं वर्ष लागत होतं. तुलनेला हाताशी स्वतःचे अनुभव होते.

राहता राहिली बॅग. डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम करून बागा उभ्या करणाऱ्या तालुक्यातून गेलेल्या मुलाला 'येताना शाइन मस्कटची एक काडी आण' असं कुणी ना कुणी सांगणारच. ती आणायची नाही. हिरोशिमा प्रांतातल्या आकित्सुच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या शाइन मस्कटची जपानमध्ये २००६ मध्ये नोंदणी झाली, पण परदेशांत मुदतीत नोंदणी करायची राहून गेली. मग चीन आणि कोरियात ते बेसुमार लावलं गेलं. आज चीनमधलं क्षेत्र जपानहून कितीतरी मोठं आहे. त्यानंतर जपानने कायदा बदलला आणि एप्रिल २०२१ पासून असे नोंदणीकृत वाण देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालता येऊ लागले. इकडे भारतातही परवान्याशिवाय रोप किंवा काडी आणता येत नाही. सापडली तर विमानतळावरच जप्त होते. चॉकलेटं, पेनं, पंखे बिनधास्त आणावेत. बागेतली मापं, फोटो आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वहीत असली, तर त्यावर कुठलाही सीमाशुल्क अधिकारी हरकत घेणार नाही.

पुढच्या भागात : 'इन्स्पायर'साठी कल्पना लिहिताना शाळा कुठे अडतात.