शोध थांबला, आकडा घसरला

रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीजवळच्या कुंभिवलीसारख्या गावातून कुष्ठरोगाचा नवा रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येईल, याची फारशी खात्री नसते. सुरुवातीला अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. तिथे स्पर्शही कळत नाही. भातलावणी सोडून किंवा कंपनीतली ड्युटी बुडवून अशा चट्ट्यासाठी कोण जाणार? म्हणून तपासणीलाच घरोघर जावे लागते.

24 मार्च 2020 च्या मध्यरात्री कोविडची टाळेबंदी लागली आणि हा शोध अडला. आशाताई पुढेही दारोदार फिरल्या, पण ताप आणि ऑक्सिजन मोजत.

देशात 2019-20 मध्ये कुष्ठरोगाचे 1,14,451 नवे रुग्ण नोंदले गेले होते. 2020-21 मध्ये ही संख्या 65,147 वर आली. जगाचा आकडाही दोन लाखांवरून 1,27,558 पर्यंत घसरला.

मग रोग कमी झाला का? 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी शोधलेला कुष्ठरोगाचा जीवाणू कमालीचा संथ आहे. पोषक वातावरणात ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. याला जवळपास दोन आठवडे लागतात. लागणीनंतर लक्षणे दिसायला सरासरी 5 वर्षे, कधी 20 वर्षेही जातात. म्हणजे 2020 मध्ये जे रुग्ण सापडायला हवे होते त्यांना लागण कितीतरी आधीच झालेली होती. मास्क आणि अंतर यांनी त्या वर्षीचा आकडा उतरणे शक्यच नव्हते.

शोधले नाही तर रुग्ण दिसत नाहीत, हा धडा रायगडला नवा नाही. फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या मुंबईच्या संस्थेने 2007 नंतर पनवेल तालुक्यात घरोघर तपासणी केली, तेव्हा नोंदीत नसलेले कितीतरी रुग्ण आढळले. त्यात लहान मुलेही होती.

उपचार चालू असलेल्यांची अडचण निराळी. एमडीटीचे (बहुविध औषधोपचाराचे) पाकीट 28 दिवसांचे असते आणि कोर्स 6 किंवा 12 महिन्यांचा. मध्येच ‘रिअ‍ॅक्शन’ आली, मज्जातंतू सुजले, तर तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. लोकल आणि एसटी दोन्ही बंद असताना डोंगराकडच्या वाडीवरून ते सोपे नव्हते.

राज्यात डिसेंबर 2020 मध्ये क्षयरोग आणि कुष्ठरोगाची एकत्रित शोधमोहीम निघाली. 2022-23 मध्ये देशाचा आकडा पुन्हा 1,03,819 झाला. यातले जे उशिरा सापडले, त्यांना एमडीटीने जीवाणूपासून मुक्ती मिळते. मात्र मज्जातंतूंची इजा सहा महिन्यांहून जुनी असेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊनही बधिर हातात संवेदना परतण्याची शक्यता कमी असते.