डेन्मार्कचे वार्तापत्र : कर गेला, पाव राहिला

कोपनहेगन : डेन्मार्कच्या रोजच्या जेवणाचा पाया म्हणजे राय धान्याचा पाव, ‘रुगब्रॉड’. राय हे थंड हवेत आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे धान्य. फोडणीतल्या राईशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. आंबवलेल्या पिठाचा हा पाव काळपट, जड आणि दाणेदार असतो. त्याच्या पातळ कापांवर लोणी, मासळी, अंडे, बटाटा किंवा मांस मांडून दुपारचे जेवण होते. शाळकरी मुले आणि कचेरीतली माणसे घरून असाच डबा नेतात. शेजारच्या स्वीडन-फिनलंडप्रमाणे शाळेत सर्वांना मोफत जेवण देण्याची पद्धत येथे नाही. त्यामुळे लोकांचा आहार सुधारायचा, तर सुधारणा या डब्यापर्यंत पोहोचावी लागते.

डब्याची दुसरी बाजू डुकराच्या मांसाची आहे. देशाची लोकसंख्या सुमारे 60 लाख. डुकरांची पैदास त्याच्या कित्येक पट असून बहुतेक माल निर्यात होतो. 2014 मध्ये लोकांनी मते देऊन राष्ट्रीय पदार्थ निवडला, तोही कुरकुरीत भाजलेले डुकराचे मांस, बटाटे आणि पार्सलीचा पांढरा रस्सा असा. अशा देशात मांस कमी करण्याची भाषा शेती, व्यापार आणि जिभेची सवय या तिघांशी एकदमच जाऊन भिडते.

ती भाषा पहिल्यांदा परिस्थितीने बोलायला लावली. पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये नाकेबंदीमुळे परदेशी धान्य आणि पशुखाद्य येणे थांबले. आहारतज्ज्ञ मिकेल हिंडहेडे यांच्या सल्ल्यानुसार डुकरांची संख्या घटवण्यात आली. त्यांच्या वाट्याचे जव आणि बटाटे माणसांकडे वळवले गेले आणि पावात कोंडा मिसळला गेला. त्या काळात देशाचा मृत्युदर लक्षणीय उतरल्याचे हिंडहेडे यांनी 1920 मध्ये मांडले. दारूवरील निर्बंधांचाही त्यात वाटा होता, असे टीकाकार म्हणतात. युद्ध संपले, धान्य येऊ लागले आणि गोठे पुन्हा भरले. टंचाईने लावलेली सवय टंचाईबरोबर गेली.

एकविसाव्या शतकात कायद्याचे दोन प्रयोग झाले. 2003 मध्ये डेन्मार्कने खाद्यपदार्थांतील औद्योगिक ट्रान्सफॅटवर एकूण स्निग्धांशाच्या 2 टक्के अशी मर्यादा घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. उत्पादकांनी तेले बदलली. गिऱ्हाइकाला बिस्किटाच्या चवीत फरकही जाणवला नाही. भारतात हीच 2 टक्क्यांची मर्यादा 2022 मध्ये लागू झाली.

दुसरा प्रयोग फसला. ऑक्टोबर 2011 पासून लोणी, चीज, मांस अशा पदार्थांतील संपृक्त स्निग्धांशावर किलोमागे 16 क्रोनर कर बसला. लोणी महागले, तसे लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदीला जाऊ लागले. व्यापारी आणि उत्पादक हिशेबाच्या कटकटीने वैतागले. 1 जानेवारी 2013 रोजी कर रद्द झाला. पहिल्या कायद्याने कारखान्यातली कृती बदलली होती. दुसऱ्याने घरातले लोणी तसेच ठेवून फक्त त्याची किंमत वाढवली.

सवय खरोखर बदलली ती पावाच्या वाटेने. 2008 मध्ये सरकारी अन्न खाते, कर्करोग, हृदयविकार व मधुमेह या क्षेत्रांतील संस्था, गिरण्या, बेकऱ्या आणि दुकाने यांनी मिळून ‘संपूर्ण धान्य भागीदारी’ उभी केली. संपूर्ण धान्य म्हणजे कोंडा आणि अंकुरासह दळलेले धान्य. ठरावीक प्रमाणात ते असलेल्या, आणि मीठ, साखर व चरबी मर्यादेत ठेवलेल्या पाव-पास्त्यावर नारिंगी शिक्का येऊ लागला. बेकऱ्यांनी नेहमीच्याच पावात संपूर्ण धान्याचे पीठ वाढवत नेले. या शतकाच्या आरंभी सुमारे 2,400 कॅलरींच्या आहारामागे असे धान्य रोज सरासरी 36 ग्रॅम खाल्ले जाई. 2011–13 च्या पाहणीत ते 63 ग्रॅमवर गेले. राय पावाची चव लोकांच्या अंगवळणी होतीच. नव्या सवयीला जुन्या सवयीचा आधार मिळाला.

कोपनहेगन नगरपालिकेने हेच तत्त्व सार्वजनिक स्वयंपाकघरांत वापरले. पाळणाघरे, वृद्धाश्रम आणि शाळांतील 90 टक्के अन्न 2015 पर्यंत सेंद्रिय करायचे, असे ठरले आणि ते उद्दिष्ट जवळपास गाठलेही गेले. सेंद्रिय माल महाग, पण अन्नखर्चाची तरतूद तीच ठेवायची होती. म्हणून 2007 मध्ये स्थापन झालेल्या ‘माडहूस’ या संस्थेने आचाऱ्यांना नव्याने शिकवले : मांस कमी, हंगामी भाजी आणि कडधान्य जास्त, तयार पदार्थांऐवजी स्वतः रांधणे, उरलेले पुन्हा वापरणे. वाचलेल्या पैशांतून सेंद्रिय माल आला.

नासाडीविरुद्धची चळवळही याच काळातली. 2008 मध्ये सेलिना यूल यांनी ‘अन्नाची नासाडी थांबवा’ ही मोहीम सुरू केली. त्याच वर्षी ‘रेमा 1000’ या दुकानसाखळीने ‘जास्त घ्या, स्वस्त घ्या’ अशा सवलती बंद केल्या, कारण त्या मोहाने नेलेला माल अनेकदा घरी सडतो.

जानेवारी 2021 मध्ये सरकारी आहारसल्ल्यात आरोग्य आणि हवामान यांची प्रथमच सांगड घातली गेली. प्रौढाने आठवड्याला सुमारे 350 ग्रॅम मांस खावे, असे त्यात म्हटले आहे. सरासरी डॅनिश माणूस याच्या दुपटीहून अधिक खातो. उलट रोज 100 ग्रॅम शिजवलेले कडधान्य सुचवले आहे. मराठी घरात ती एक वाटी उसळ झाली. डॅनिश घरात मात्र मसूर आणि चवळी रोजच्या ओळखीची नाहीत. ही ओळख वाढावी म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये वनस्पतिजन्य अन्नासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला, जगातला पहिला. शेतकरी, प्रक्रिया उद्योग आणि आचाऱ्यांचे प्रशिक्षण यांच्यावर त्याचा भर आहे.

करही परतला आहे, पण वेगळ्या दारातून. 2024 मधील समझोत्यानुसार 2030 पासून जनावरांपासून होणाऱ्या उत्सर्जनावर शेतकऱ्यांकडून कर घेतला जाईल, आणि त्यासोबत सवलती व बदलासाठी मदतही मिळेल. हिशेब गोठ्याशी होईल. जेवणाऱ्याकडून दुकानात वेगळा कर घेतला जाणार नाही.