एकच फोन, दोन नेटवर्क : 'दोन्हीकडे चालणारा माल' कसा ठरवायचा?

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, दुकानात कोणता माल भरू, हा चालणारा की तो चालणारा?" उत्तरासाठी मोबाईलच्याच धंद्यातली एक गोष्ट घेऊ.

२००३ च्या आसपास आपल्याकडे ५०१ रुपये भरून रिलायन्सचा फोन घरी यायचा, आठवतंय का? तो सीडीएमए होता. बाकीच्या बहुतेक कंपन्या जीएसएमवर. जीएसएममध्ये तुमची ओळख सिमकार्डात असते. कार्ड काढा, दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, विषय संपला. त्या सुरुवातीच्या सीडीएमए फोनमध्ये मात्र नंबर हँडसेटलाच बांधलेला. कंपनी बदलायची म्हणजे फोनही बदला. त्यामुळे जुन्या सीडीएमए हँडसेटला गिऱ्हाईक मिळणं अवघड. फोन चांगला, पण दुसरीकडे चालतच नाही!

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमएवर, एटी अँड टी आणि टी-मोबाईल जीएसएमवर. गंमत म्हणजे व्हेरायझन वायरलेसमध्ये ४५ टक्के वाटा व्होडाफोनचा, आणि व्होडाफोनचा युरोपातला सगळा कारभार जीएसएमवर. व्हेरायझनचा गिऱ्हाईक लंडनला उतरला की त्याच्या हातातला फोन मुका.

यावर उपाय मल्टी-मोड चिपचा. फोनमध्ये नेटवर्कशी बोलणारा एक वेगळा प्रोसेसर असतो, त्याला बेसबँड म्हणतात. त्यालाच दोन्ही 'भाषा' शिकवायच्या. पण तेवढ्यावर भागत नाही. त्या त्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओचा भागही फोनमध्ये लागतो. मोड म्हणजे भाषा, बँड म्हणजे रस्ता. दोन्ही जुळले तरच फोन चालतो.

आता धंद्याची खरी मेख बघा. २००७ मध्ये ब्लॅकबेरी ८८३० वर्ल्ड एडिशन आला. त्यात सीडीएमए होतं, जीएसएमही होतं, पण जीएसएमचे बँड फक्त ९०० आणि १८००. म्हणजे परदेशात चालेल, आणि अमेरिकेतल्या स्पर्धकाच्या ८५० आणि १९०० च्या जीएसएम नेटवर्कवर नाही. पूल बांधला, पण गिऱ्हाईक पळून जाईल त्या बाजूला रस्ताच ठेवला नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं, गिऱ्हाईक म्हणून थोडा रागही येतो.

ॲपलचं उदाहरण त्याहून कामाचं. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनसाठी आयफोन ४ चं वेगळं मॉडेल आलं. त्यातली क्वालकॉमची चिप दोन्ही भाषा बोलू शकणारी, पण फोनला सिमची जागाच नाही! ऑक्टोबरमध्ये आयफोन ४एस आला, तो एकाच मॉडेलमध्ये दोन्ही. दोन मॉडेल म्हणजे दोन प्रकारचा स्टॉक आणि दोन अंदाज. एकाचा अंदाज चुकला की तो माल पडून. एका मॉडेलमध्ये ती डोकेदुखी बरीच कमी. तुमच्या दुकानातही दोन प्रकारचे चार्जर ठेवताना नेमका हाच हिशोब असतो.

पुढे दोन्ही बाजू एलटीईवर, म्हणजे ४जीवर आल्या. व्हेरायझनने २०१० च्या डिसेंबरमध्ये एलटीई सुरू केलं आणि २०२२ च्या शेवटी सीडीएमए बंद केलं. म्हणजे पूल बांधणारा माल काही वर्षं विकला गेला, कायमचा नाही.

तर माल भरण्याआधी डीलरला तीन प्रश्न विचारा: हा दोन्हीकडे खरंच चालतो का, की फक्त खोक्यावर लिहिलंय? जास्तीचे पैसे गिऱ्हाईक देईल का? आणि दोन्ही बाजू एक व्हायला किती वेळ आहे? तिसऱ्याचं उत्तर 'लवकरच' असेल, तर पाच नग घ्या, पन्नास नको.