धुरीतील वायू जातो कुठे? धान्य आणि बारदानावरील अधिशोषण

शिफारशीनुसार धुरीकरण केले, ताडपत्रीही अखंड होती; तरी काही आठवड्यांत थप्पीत सोंडकिडे पुन्हा दिसले, अशी तक्रार क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. वायुगळती हे त्याचे परिचित कारण होय. दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही : सोडलेल्या वायूचा काही भाग धान्य व बारदानच धरून ठेवतात.

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहण्याच्या क्रियेस अधिशोषण म्हणतात. पदार्थ जितका सच्छिद्र, तितका त्याचा अंतर्गत पृष्ठभाग मोठा. एक ग्रॅम सक्रियित कोळशात तो सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे असू शकतो. दाणे, टरफले, पीठ आणि तागाचे तंतू यांवरही कमी प्रमाणात हीच क्रिया घडते.

भारतातील पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे सुरू झाली. हुगळीकाठच्या त्या पट्ट्यात विणलेले बारदान आजही देशभरातील गोदामांत धान्य सांभाळते. त्याच्या सैल विणीतून वायू पोत्यात सहज शिरतो, हा त्याचा मोठा गुण. अधिशोषणातील मुख्य वाटा अर्थातच धान्याचा असतो. गव्हापेक्षा साळीचा अधिक.

३ ग्रॅमच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइड गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन मुक्त होतो. त्यातील काही अधिशोषित झाला की मोकळ्या हवेतील तीव्रता घटते. अशा वेळी अधिक सहनशील असलेली अंडी व कोष वाचतात, आणि अपुऱ्या धुरीतून तगलेल्या किडींमधून प्रतिकारक्षम पिढ्या वाढतात. भारतात पिठातील तांबडा भुंगेरा व दाणे पोखरणारा भुंगेरा यांमध्ये अशी प्रतिकारक्षमता आढळली आहे.

यावर उपाय मनाने मात्रा वाढवणे हा नव्हे. धुरीपूर्वी पीठ व भुसा झाडून काढावा. थप्पी किमान सात दिवस, थंडीत त्याहून अधिक काळ, हवाबंद ठेवावी. वायूची तीव्रता केवळ आरंभी न मोजता अखेरच्या दिवशीही मोजावी.

ताडपत्री काढल्यावर धरून ठेवलेला वायू सावकाश परत सुटू लागतो. म्हणून पुरेसे वायुवीजन करून, उपकरणाने तीव्रता दहा लाख भागांत ०.३ भागांहून कमी असल्याची खात्री होईपर्यंत हमालांना आत पाठवू नये. कापडी रुमालाने फॉस्फिन अडत नाही. त्यासाठी विशिष्ट डबी बसवलेला मुखवटाच लागतो. धुरीकरण प्रशिक्षित, अधिकृत व्यक्तीकडूनच करून घ्यावे.