जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाला रंग देताना

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणावयास निघालेला हौशी मनुष्य बहुधा सर्वांत आधी रंगाचा विचार करतो. जाणता कारागीर तो सर्वांत शेवटी करतो. टाकी आणि मडगार्ड यांच्या बाबतीत हा फरक फारसा बाधत नाही, कारण तेथील रंग पुष्कळसा डोळ्यांसाठीच असतो. इंजिनाची गोष्ट निराळी आहे. तेथे रंग हादेखील यंत्राचा एक भाग म्हणून राबत असतो. त्याने उष्णता सोसावयाची, पेट्रोल आणि तेल अंगावर घ्यावयाचे, धातूला गंजू द्यावयाचे नाही, आणि एवढे सारे करून आतील उष्णतेच्या वाटेत आडवेही यावयाचे नाही. म्हणून ‘कोणता रंग?’ हा प्रश्न नंतरचा. ‘कोणत्या भागाला, आणि मुळात द्यावयाचा की नाही?’ हा पहिला.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाचे यंत्र घेऊ. १९५५ साली मद्रास येथे रॉयल एनफील्ड ‘बुलेट’ची जुळणी सुरू झाली. त्या जुन्या बुलेटच्या इंजिनाचा खालचा पेटीसारखा भाग, म्हणजे क्रँककेस, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्यावर बसणारे सिलिंडर बीडाचे आणि त्याच्या माथ्यावरील हेड पुन्हा अॅल्युमिनियमचे. बीड हवेतील ओलाव्याने गंजते आणि गंज पापुद्रे धरून आत आत शिरत जातो. अॅल्युमिनियमवर मात्र हवा लागताच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर चढतो आणि तोच पुढील क्षयाला पुष्कळसा प्रतिबंध करतो. बीडाला रंगाचे कवच अवश्य हवे आणि अॅल्युमिनियमला त्याची तितकी गरज नाही, ही विभागणी अशी धातूंच्या स्वभावातून आलेली आहे. जुन्या काळच्या अनेक इंजिनांत अॅल्युमिनियमची झाकणे नुसती घासून चकचकीत केलेली आढळतात ती यामुळेच. पुढे एखाद्या मालकाला सिलिंडरपासून झाकणांपर्यंत सर्वत्र रुपेरी रंग फासण्याची हौस येते. चार महिने इंजिन नवे दिसते. मग कार्ब्युरेटरमधून ठिबकलेले पेट्रोल त्या रंगाला फोड आणते आणि यंत्र कोड फुटल्यासारखे दिसू लागते.

तेव्हा रंग खरवडण्यापूर्वी नीट पाहावे. जेथे ऊन आणि हात पोचत नाहीत अशा जागी, एखाद्या पट्टीच्या मागे किंवा दोन भागांच्या सांध्याजवळ, कारखान्याचा मूळ रंग टिकून राहिलेला असतो. त्याचे छायाचित्र घ्यावे, छटा टिपून ठेवावी. एकदा घासून टाकलेला हा पुरावा पुन्हा मिळत नाही. क्रँककेसवर ठोकलेला इंजिन क्रमांकही तसाच जपावा. नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी तो ताडून पाहतात. तो घासून पुसट करणे किंवा जाड रंगाखाली बुजविणे म्हणजे चांगल्या गाडीला संशयित ठरविणे होय.

आता स्वच्छतेकडे वळू, कारण सारे यश येथे ठरते. आधी रॉकेलने चिकटा काढावा, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवावे. बीड वरून घट्ट दिसले तरी त्याच्या पोटात ग्राफाइटच्या चकत्या आणि सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि वर्षानुवर्षांचे तेल तेथे मुरलेले असते. धुतलेले सिलिंडर मंद आचेवर तापविले की कोरड्या वाटणाऱ्या अंगावर तेलाचे ओले डाग उमटू लागतात. ते थिनरने पुसावयाचे ते सिलिंडर पूर्ण निवल्यावर आणि आगीपासून दूर. मग पुन्हा तापवावयाचे, आणि डाग येईनासे होईपर्यंत हा क्रम चालवावयाचा. येथे घाई केली तर रंग लोखंडाला न धरता तेलाला धरतो आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात पापड्यासारखा सुटतो.

रसायनशास्त्राच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. लोखंडाचा चिकटा कॉस्टिक सोड्याने छान निघतो म्हणून काही जण अॅल्युमिनियमचे भागही त्याच द्रावणात बुडवितात. अॅल्युमिनियम आम्ल आणि अल्कली या दोहोंशी क्रिया करतो. सोड्याच्या द्रावणात त्याचे ऑक्साइडचे कवच विरघळते, मग धातूच विरघळू लागतो, हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात, आणि काही वेळाने हाती येते ते काळवंडलेले, खड्डे पडलेले झाकण. बुडबुडे पाहून ‘मळ निघतो आहे’ असे वाटते. निघत असतो तो धातू.

दुसरा धोका याहून मोठा आहे. हवेच्या दाबाने वाळू किंवा काचेचे मणी मारून धातू स्वच्छ करण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. बेळगावसारख्या ओतकामाच्या कारखान्यांच्या गावात ती ठाऊक नाही असा कारागीर विरळा. रीत वाईट नाही. परंतु क्रँककेसच्या भिंतींतून तेलाचे बारीक मार्ग गेलेले असतात, आणि त्यांत राहिलेला एखादा कण इंजिन सुरू होताच तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतो. महिनोन्महिन्यांचे काम काही मैलांत मातीमोल होते. म्हणून आधी सर्व भोके रबरी बुचांनी बंद करावी. नंतर ती उघडून प्रत्येक मार्गातून तार, गरम पाणी आणि दाबाची हवा फिरवावी, आणि आट्यांत अडकलेले कणही काढावे. कोरड्या वाळूची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. सबब हे काम घरच्या अंगणात कदापि करू नये.

यानंतर झाकाझाक. सिलिंडरचे आतील अंग, बेअरिंगच्या बैठका, बोल्टांचे आटे, स्पार्क प्लगची जागा आणि जेथे पॅकिंग बसते ते सपाट पृष्ठभाग, यांपैकी कोठेही रंग लागता कामा नये. पॅकिंगखाली रंग राहिला तर उष्णतेने तो मऊ पडून दबतो, बोल्टांचा ताण उतरतो आणि सांधा पाझरू लागतो.

रंग काळा का, या प्रश्नात मात्र मौज आहे. १९४८ साली इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील व्हिन्सेंट कारखान्याने ‘ब्लॅक शॅडो’ ही ९९८ घन सेंटिमीटरची मोटारसायकल काढली. ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर, ही तिची ख्याती. तिचे इंजिन अॅल्युमिनियमचे असूनही काळे होते. धातूवर प्रथम गंजरोधक क्रोमेट प्रक्रिया करीत आणि वर काळे इनॅमल देऊन ते भट्टीत भाजीत. काळ्या रंगाने इंजिन अधिक थंड राहते अशी समजूत तेव्हापासून आजवर ऐकू येते. ती कितपत खरी?

१८०४ साली जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाकृती भांड्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्याच्या सर्व बाजू सारख्याच तापलेल्या. पण काळ्या बाजूकडून उष्णता भरपूर बाहेर पडे, चकचकीत बाजूकडून अगदी थोडी. तोच हिशेब इंजिनाला लावू. पृष्ठभाग १५० अंश सेल्सिअस आणि हवा ३० अंश असता काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे १२०० वॅट उष्णता प्रारणाने देतो. आरशासारखा घासलेला अॅल्युमिनियम शंभर वॅटही देत नाही. समजूत खरी वाटू लागते! परंतु गाडी वेगात असता वाहता वारा याच्या कितीतरी पट उष्णता नेत असतो. शिवाय सिलिंडरवरील पात्या, ज्यांना कारागीर ‘फिन’ म्हणतात, एकमेकींसमोर उभ्या असतात. एकीचे प्रारण दुसरीवर पडते, आणि बाहेर जाते ते मुख्यतः कडांचे. काळेपणाचा लाभ आहे, पण तो लहान आहे; गाडी उभी असता थोडा अधिक. गंमत अशी की त्या तापमानाच्या प्रारणाला आपल्या डोळ्यांचे काळे-पांढरे कळतच नाही. साधा पांढरा रंगही त्या बाबतीत जवळजवळ काळ्याइतकाच कामाचा. मागे पडतो तो धातूच्या चकत्या मिसळलेला रुपेरी रंग.

रंगाची जाडी मात्र खरोखर महत्त्वाची आहे. बीड उष्णतेला जितकी सहज वाट देते त्याच्या दोनअडीचशेव्या हिश्श्याइतकीच वाट रंग देतो. केसाहून पातळ थराने काही बिघडत नाही. पण खाचा भरून निघाव्यात म्हणून थरावर थर चढविले तर सिलिंडरला गोधडी पांघरल्यासारखे होते. पावडर कोटिंगचा थर जाड बसतो, आणि विद्युत्भारित भुकटी फिनांच्या कडांवर जमून तळाशी नीट पोचत नाही. माझ्या मते सिलिंडरला ते देऊ नये. सिलिकोन राळेचा उष्णतारोधक रंग घ्यावा, आणि स्प्रे गनने वरून, खालून, दोन्ही बाजूंनी असे पातळ हात द्यावे. अॅल्युमिनियमला रंग द्यावयाचाच असेल तर आधी धातूला पकडणारा प्रायमर लागतो. दोन घटक मिसळून करावयाच्या काही रंगांत आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात व ती श्वसनसंस्थेला घातक ठरतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून ते फवारू नयेत.

सिलिकोनचा रंग हाताला कोरडा लागला तरी कच्चाच असतो. तो पक्का होतो उष्णतेने. डब्यावरील सूचनेप्रमाणे पायरीपायरीने भट्टीत तापवावा, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नव्हे. भट्टी नसेल तर जुळणी झाल्यावर इंजिन प्रथम थोडा वेळ चालवून पूर्ण निवू द्यावे, पुन्हा थोडे अधिक चालवावे. पहिल्या एकदोन वेळा रंगाचा वास येतो, क्वचित हलका धूरही निघतो. त्याने घाबरून जाऊन पाणी ओतू नये, तापलेले बीड तडकते. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तिच्यावर छटेचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे पाना निसटून कोठे टवका उडाला, तर तेवढीच जागा झाकावयास तो लागतो.